केंद्र तुम्हीच घ्या, व्याहीबुवा

सावखेडे, ता. यावल, जि. जळगाव
६ जानेवारी २०२५

व्याही अभिमनभाऊ यांस,
चुडामणचा रामराम.

आधी सगळ्यांची हालहवाल. तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? थंडीत त्याला तिळाचं तेल लागतं, विसरू नका. कौतिकबाईंची साखर खाली आली का? त्या चहा बिनसाखरेचा पितात आणि वर पेढा खातात, असं मयुरीकडून कळलं. जावईबापू दीपकरावांचा खोकला गेला असेल. आमची मयुरी फोनवर 'बरी आहे' म्हणते, पण लहानपणी विंचू चावला तेव्हाही ती 'बरी आहे' असंच म्हणाली होती, म्हणून तुम्हाला विचारतो. आणि सत्यनारायणाच्या दिवशी पूजेचे केळीचे खांब खाऊन गेलेली तुमची काळी म्हैस, तिचंही कळवा. इकडे माझं पोट ठीक आहे. पुष्पाबाईंचं डोकं दुखतं. कारण मी.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. आपण दोघं व्याही फोनवर आलो की 'बोला', 'नाही, आधी तुम्ही बोला', 'असं कसं, तुम्ही मोठे' यातच वेळ जातो आणि मूळ गोष्ट तशीच राहते. कागदावर निदान एकजण तरी आधी बोलतो.

तर गोष्ट अशी. सरकारने 'खान्देश प्रादेशिक नियोजन सल्लागार मंडळ' नेमलं आहे आणि त्यात मी अशासकीय सदस्य आहे. मी चौथी शिकलेला, बाकीचं पेपर वाचून शिकलो. पण मागे कृषी मेळाव्यात उठून दोन प्रश्न विचारले होते, ते कुणाच्या तरी लक्षात राहिले. गावाने लगेच फ्लेक्स लावला. फोटो मयुरीच्या लग्नातला, डोक्यावर तुम्ही आहेरात दिलेली टोपी. फार शोभते. सगळे थांबून पाहतात.

मंडळाचं काम काय, हे मी विचारून घेतलं. मंडळ सल्ला देतं. तो घ्यायचा की नाही, हे सरकार ठरवतं. म्हणजे आमच्या घरात माझं जे स्थान आहे, तेच आता सरकारी कागदावर आलं.

पहिला विषय मात्र आमच्या जिवाचा आहे. केळीचा घड उतरला की खोड आपण बांधावर फेकतो आणि ते कुजतं. त्या खोडाचा धागा काढायचं एक केंद्र जळगाव-धुळे मिळून एकाच जागी व्हायचं आहे. पुष्पाबाईंचा बचत गट हाताने पत्र्यावर खोड खरवडून चटया विणतो. बायकांच्या बोटांची सालं निघाली. यंत्र आलं तर त्यांचं सोनं होईल. पुष्पाबाईंनी मला सांगितलं, "केंद्र घेऊन या, नाहीतर फ्लेक्सवरच राहा."

तुमचंही नाव सदस्यांत आहे असं ऐकतो. खरं का? कळवा.

आपला,
चुडामण


शिरपूर, जि. धुळे
१४ जानेवारी २०२५

आदरणीय चुडामण आबा यांस,
अभिमनचा नमस्कार आणि तिळगूळ. (तिळगूळ मयुरीने केला आहे, सोबत पाठवला. तुम्ही आमच्या घरचं खात नाही हे ठाऊक आहे, पण हा तिच्या हातचा असून गूळ तुमच्याकडून आलेला होता. तरी आपण ठरवा.)

गुडघा वेळेवर दुखतो, वेळेवर थांबतो. कौतिकची साखर चढउतार करते. दीपकचा खोकला शेवटच्या थांब्यावर आहे. मयुरी खरोखर बरी आहे. म्हैस उत्तम आहे आणि तिला पश्चात्ताप नाही.

होय, मीही सदस्य आहे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य गेलं, त्यामुळे मालाच्या ने-आणीबद्दल सल्ला देऊ शकेन असा वरच्यांचा समज दिसतो. स्टँडवर मी कर्ण्यातून सांगायचो तेव्हा प्रवासी ऐकत नसत. इथे काय होईल ते पाहू.

धागा केंद्राबद्दल म्हणाल तर तापीकाठी आमच्याकडेही केळी आहे, हे आपण जाणता. पण केंद्र कुठेही झालं तरी एकाच कुटुंबात राहील. आम्ही त्याची फार आशा धरलेली नाही. दीपकने एक जुना टेम्पो पाहून ठेवला आहे, तो वेगळ्या कारणासाठी.

पहिली बैठक ३० तारखेला शिरपूरला आहे. येताना घरी पाय लावून जा. लेकीला लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या सासरचं पाणीही घेऊ नये, ही तुमची रीत मी मानतो. आग्रह करणार नाही. नुसतं बसा.

आपला,
अभिमन


सावखेडे
३ फेब्रुवारी २०२५

अभिमनभाऊ,

रामराम. हालहवाल या वेळी विचारत नाही, कारण तुमच्या घरचे सगळे माझ्यावर नाराज असणार हे धरून चालतो.

बैठकीतल्या चहाबद्दल माफी मागायची आहे. मला वाटलं चहा कार्यालयाकडून असेल. कप हातात आला आणि पाहतो तर त्यावर मोर. तो संच मीच रुखवतात मांडला होता. म्हणजे चहा तुमच्या घरचा, माझ्या लेकीने केलेला. आता तो प्यावा तर रीत मोडते, न प्यावा तर व्याह्यांचा अपमान. मी कप हळूच खाली ठेवला. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या कौतिकबाई दारातून म्हणाल्या, "याही, चहा ल्या ना. बठ्ठा लई राहिनात." सगळे घेत होतेच, मी नुसती मान हलवली. इतक्या साहेबांसमोर घरची रीत काय समजावून सांगणार?

तिथेच घोटाळा झाला. शेजारी रावेरचे रुपचंदशेठ बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "आबा, समजलो." काय समजले ते त्यांनाच ठाऊक. त्यांनीही कप खाली ठेवला. मग जळगावच्या अख्ख्या ओळीने ठेवले. रुपचंदशेठ उठून म्हणाले, "जळगाव जिल्ह्यावर होणाऱ्या अन्यायाच्या निषेधार्थ आम्ही चहा नाकारतो." कोणता अन्याय, हे त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही. एकटे चोपड्याचे लीलाधरभाऊ तेवढे शांत. त्यांनी स्वतःचा चहा प्यायला, मग माझा, मग रुपचंदशेठचा.

तुमचं तोंड इतकं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून मी उभा राहून बोलून गेलो, "केंद्र शिरपूरलाच व्हावं. जळगाव जिल्ह्याची काही हरकत नाही." टाळ्या झाल्या. तुमचा चेहरा मात्र अजूनच पडला, तो का ते कळलं नाही.

घरी कळलंच होतं, रुपचंदशेठनी फोन केला होता. पुष्पाबाई रागावल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवसापासून सकाळी केळीची भाजी, दुपारी केळफूल, रात्री केळीचं भरीत. वांग्याचं भरीत मिळावं म्हणून खान्देशात जन्म घेतलेल्या माणसाला केळीचं भरीत. गटाच्या बायका माझ्याच ओट्यावर बसून खोड खरवडतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. खरवडण्याचा आवाज मात्र मोठ्याने काढतात.

तुम्ही तरी खूश आहात ना? तेवढंच समाधान.

आपला,
चुडामण


शिरपूर
१२ फेब्रुवारी २०२५

आबा यांस नमस्कार.

चहाचं मनाला लावून घेऊ नका. चूक आमची, कप तरी दुसरे पाठवायला हवे होते. मयुरीलाही तेच वाटतं.

परंतु केंद्राबाबत स्पष्ट लिहिणं भाग आहे. लग्न ठरलं तेव्हा मी चार माणसांत सांगितलं होतं की आम्हाला मुलगी आणि नारळ, तिसरी वस्तू नको. आयुष्यभर ती मान मी ताठ ठेवली. आता स्टँडवर गेलो तर छगन कंडक्टर सगळ्यांसमोर विचारतो, "काय अभिमन, लग्नात नारळ घेतला आणि आता मागच्या दाराने कारखाना?" पानवाला म्हणतो, "आंदण असावं तर असं." लोक मला हुंड्याच्या यादीत केळी-धागा केंद्र मोजून दाखवतात. वर एकजण म्हणाला की हे कायद्यात बसत नाही.

आपण प्रेमाने दिलंत, हे मी जाणतो. पण मुलीच्या बापाकडून मी सरकारी प्रकल्प घेऊ शकत नाही. दीपक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, टेम्पोवाल्याशीही बोलला नाही. तरी माझा निर्णय झाला आहे. पुढच्या बैठकीत, जळगावला, मी हे केंद्र आपल्या तालुक्यास सन्मानाने परत करीन. कृपया अडवू नका.

आपला,
अभिमन


सावखेडे
३ मार्च २०२५

अभिमनभाऊ,

रामराम. गाडी मिळाली ना? पावणेपाचची गाडी चुकू नये म्हणून तुम्ही बैठकीतून उठलात, आणि नेमकं त्यानंतर आभाळ कोसळलं. ते सांगायला हे पत्र.

आधी चूक कुठे झाली ते बघू. तुम्ही उठून म्हणालात, "केंद्र यावललाच शोभतं." तिथे मी गप्प बसायला हवं होतं. अहो, पण पंगतीत शेवटची पुरणपोळी व्याह्यांनी आपल्या ताटात वाढली तर कुणी गप्प बसतं का? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नाही नाही, शिरपूरलाच." तुम्ही म्हणालात, "आबा, आमच्याकडे रस्ता अरुंद आहे." मी म्हणालो, "आमच्याकडे तर वीजच टिकत नाही." तुम्ही म्हणालात, "आमचं पाणी खारट." मी म्हणालो, "आमच्याकडे माकडं आहेत." माकडं कुठून काढली देव जाणे. आपण दोघांनी मिळून अर्ध्या तासात दोन जिल्ह्यांची जी बदनामी केली, ती शत्रूनेही केली नसती. लीलाधरभाऊंनी तेवढ्यात बिस्किटांचे दोन पुडे संपवले.

तुम्ही गेल्यावर सदस्य सचिव दिपमाला मॅडमनी लिहून घेतलेलं वाचून दाखवलं. 'दोन्ही जिल्ह्यांच्या प्रतिनिधींनी आपापल्या भागातील गैरसोयी सविस्तर मांडून प्रकल्पास ठाम नकार दिला. सबब, मागणी असलेल्या दुसऱ्या विभागाकडे प्रकल्प वळवावा, असा प्रस्ताव पुढील बैठकीत ठेवण्यात यावा.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी मॅडमच्या टेबलाशी गेलो आणि म्हणालो, "बाई, तो नकार नव्हता. तो आग्रह होता." बाई भल्या आहेत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आबा, मला दिसत होतं. माझ्या माहेरीही असंच चालतं. पण मी बोललेलं लिहिते. मनातलं लिहायला माझ्याकडे रकाना नाही."

"मग आता?"

"पुढच्या बैठकीत दोघांनी आपापल्या जिल्ह्यासाठी भांडा. चांगलं कडकडून भांडा. मागणी आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. नाहीतर केंद्र गेलं."

ती बैठक २८ मार्चला अमळनेरला आहे. मी घरी येऊन पुष्पाबाईंना खरं सांगितलं. त्यांनी हातातलं खोड खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "इतक्या बायकांनी तुमच्यावर भरवसा ठेवला, आणि तुम्ही तिथे पोळ्या वाढत बसलात." अभिमनभाऊ, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी जेवणात केळी नव्हती. वरणभात होता. मी तो अर्धा टाकून उठलो.

आता आपल्याला भांडता आलं पाहिजे. तुम्हाला येतं का?

आपला,
चुडामण


शिरपूर
९ मार्च २०२५

आबा यांस नमस्कार.

पत्र वाचून गुडघ्यात कळ आली. केंद्र दोघांपैकी कुणाकडेही न येणं, ही गाडी रद्द झाल्यासारखी गोष्ट आहे. उशीर परवडतो, रद्द परवडत नाही. शिवाय दीपकने टेम्पोचा इसार दिलेला आहे, हे मी मागे आपल्याला नीट सांगितलं नव्हतं.

भांडणाचा मला अनुभव नाही. स्टँडवर प्रवासी भांडत, मी फक्त गाडीचा नंबर सांगायचो. तरी आपण पत्रातून सराव करू, असं सुचवतो. सुरुवात मी करतो.

तुमच्या भागातली केळी फार वाकडी असते. (हे दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. आपली केळी उत्कृष्ट असते.)

जळगावकडची माणसं फार बोलतात. (आपण वगळून. रुपचंदशेठ धरून.)

यावलचा बसथांबा अस्वच्छ आहे. (हे मात्र खरं आहे.)

हा कागद कौतिकने वाचला आणि विचारलं, "हाई भांडण शे का लग्ननी पत्रिका शे?" त्यामुळे अजून मेहनत लागेल असं दिसतं. आपण उलट उत्तर द्यावं. राग मानणार नाही.

आपला,
अभिमन


सावखेडे
१५ मार्च २०२५

अभिमनभाऊ,

रामराम. तुमचं भांडण मिळालं. वाचून बरं वाटलं, हीच त्यातली अडचण.

मीही प्रयत्न केला. 'शिरपूरची मिरची इतकी तिखट असते की...' इथवर आलो आणि पुढे 'की फार चविष्ट लागते' असंच सुचलं. पुष्पाबाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "रबराच्या विंचवाला कुणी भीत नाही. मनात खरं काही असेल ते काढा. माणूस बोचलेलंच नीट बोलतो."

म्हणून खरं काढतो. सराव आहे, हे ध्यानात ठेवा.

तुम्ही मला लग्नात जी टोपी घातलीत, ती लहान होती. नुसती लहान नाही, ती डोक्यावर बसलीच नाही, टेकली. भर मांडवात मी मान न हलवता चार तास उभा होतो. लोकांना वाटलं, लेक सासरी जाणार म्हणून आबा सुन्न झालेत. मी टोपी सांभाळत होतो. आणि तोच फोटो आता गावाच्या वेशीवर आठ फूट उंच लागला आहे. पोरंसोरं विचारतात, आबा, डोक्यावर वाटी का पालथी घातली? मोठ्या नातवाचा आजा शोभेल अशा माणसाचं डोकं तुम्हाला लिंबाएवढं वाटलं का?

हुश्श. बरं वाटलं. पुष्पाबाई म्हणतात, हे जमलं. आता तुमची पाळी.

आपला,
चुडामण


शिरपूर
२१ मार्च २०२५

श्री. चुडामण यांस,

टोपीबद्दल समजलं. दहा महिने आपण मनात ठेवलंत आणि 'फार शोभते' असं लिहिलंत.

ती टोपी आणायला मी स्वतः धुळ्याला गेलो होतो. दुकानदाराला माझ्या डोक्यावर माप दाखवलं, कारण व्याह्याचं डोकं दुसऱ्याचं धरायचं नाही, आपलंच धरायचं, असं माझे वडील सांगत.

आता आपण विषय काढलाच आहे तर आमचंही एक आहे. आपल्या मांडवात पंगतीला मला जिलेबी एकदाच विचारली गेली. मी रीतीप्रमाणे 'नको' म्हणालो. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. माझ्यासमोरून परात पुढे निघून गेली. मी आजपर्यंत बोललो नव्हतो.

अमळनेरला भेटू.

अभिमन


सावखेडे
३० मार्च २०२५

अभिमनभाऊ,

रामराम घ्या, रागावला असलात तरी.

परवा तुम्ही सभागृहातून तावातावाने निघून गेलात. मी धावत अमळनेरच्या स्टँडवर आलो, पण शिरपूरची गाडी वेळेवर सुटली होती. तुम्ही लोकांना घालून दिलेल्या शिस्तीने माझाच घात केला. म्हणून पुढचं लिहून कळवतो.

आधी एक कबूल करा. सराव आपण विसरलो होतो. मी 'यावलला केंद्र हवं' म्हणालो, तुम्ही 'शिरपूरला हवं' म्हणालात, इथवर नाटक होतं. मग तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "ज्यांना पाहुण्याला दुसऱ्यांदा जिलेबी विचारता येत नाही, ते केंद्र काय चालवणार?" तेव्हा तुमचा आवाज फाटला. आणि मीही खरोखर पेटून म्हणालो, "ज्यांना व्याह्याच्या डोक्याचं माप येत नाही, ते जमिनीचं माप काय घेणार?" रुपचंदशेठ आनंदाने टेबल बडवायला लागले. त्यांना वाटलं, टोपी हे कुठल्या तरी योजनेचं नाव आहे. मग रस्ता, पाणी, वीज, केळीचं क्षेत्र, बायकांचा गट, दीपकरावांचा टेम्पो, सगळं निघालं. गेल्या बैठकीत खारट असलेलं तुमचं पाणी गोड झालं, आणि आमची माकडं कुणी पाहिलीच नव्हती. दिपमाला मॅडमनी एकदाच विचारलं, "टोपी आणि जिलेबी इतिवृत्तात घेऊ का?" आपण दोघं एकदम म्हणालो, "घ्या." त्यावर तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि बाहेर पडलात.

तुम्ही गेल्यावर बाईंनी वाचून दाखवलं. 'स्थानिक आदरातिथ्याची क्षमता व मोजमापाची अचूकता या मुद्द्यांवर सदस्यांत सखोल चर्चा झाली. दोन्ही जिल्ह्यांची मागणी अत्यंत तीव्र असल्याचे दिसून आले.' दुसऱ्या विभागाचा प्रस्ताव तिथेच बारगळला. केंद्र खान्देशातून जात नाही, अभिमनभाऊ.

मग प्रश्न आला, ठेवायचं कुठे. दोन्हीकडे मतं सारखी. सगळे एकमेकांकडे बघताहेत. तेवढ्यात लीलाधरभाऊंनी बिस्किट चहात बुडवलं, काढलं आणि म्हणाले, "दोघांचं इतकं आहे तर मधे ठेवा. चोपड्याला. दोघांनाही सारखंच लांब." सगळ्या बैठकांत मिळून तो माणूस एवढं एकच बोलला, आणि तेच एकमताने मंजूर झालं. मी सल्लागार मंडळाबद्दल पेपरात पुष्कळ वाचलं होतं, पण सल्ला कसा द्यावा ते परवा कळलं.

पुष्पाबाईंना भीत भीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "चोपडं काय, सकाळच्या गाडीने जाऊ, संध्याकाळच्या गाडीने येऊ. यंत्र आलं ना?" काल ताटात वांग्याचं भरीत होतं, शेंगदाणे घालून, कळण्याच्या भाकरीबरोबर. पहिला घास घेतला आणि तुमची आठवण झाली. जिलेबी दुसऱ्यांदा विचारली नाही, ती चूक माझीच. मी परात घेऊन तुमच्याकडेच येत होतो. पण टोपी पडेल म्हणून मान वळवता आली नाही, आणि तुम्ही दिसलाच नाहीत.

आपला,
चुडामण


शिरपूर
१० एप्रिल २०२५

आदरणीय आबा यांस नमस्कार.

आपलं पत्र कौतिकने मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमनीच टोपीमुये तुमनी जिलेबी गयी." मी स्वतःलाच चुकीची गाडी सांगितली होती.

अमळनेरहून परतताना मी संपूर्ण प्रवासात एकाही थांब्याचं नाव पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. राग होता असं मला वाटत होतं. शिरपूर आल्यावर कळलं की आपल्याला परत कसं लिहावं, याची भीती होती.

एसटीच्या पार्सलने टोपी पाठवत आहे. या वेळी माप मयुरीकडून घेतलं. तिने दोन्ही हात पसरून दाखवलं.

दीपकने टेम्पो घेतला. चोपड्याच्या फेऱ्या दोन्हीकडून मिळतील, म्हणून तो खूश आहे. स्टँडवर आता कुणी आंदण म्हणत नाही. छगन म्हणतो, "अभिमन, तुझा व्याही तर पक्का भांडखोर निघाला." त्याने माझी मान पुन्हा ताठ झाली.

एक विनंती आहे. चोपडं हे माझं घर नाही आणि आपलंही नाही. तिथे रीत आडवी येत नाही. जागा पाहायला म्हणून २० मेला यावं. चहा मी सांगीन.

आपला,
अभिमन


सावखेडे
२ जून २०२५

अभिमनभाऊ,

रामराम. गुडघा कसा आहे? कौतिकबाईंची साखर? चोपड्याहून तुम्ही बांधून नेलेली जिलेबी त्यांच्या हाती लागू दिली नाहीत ना? दीपकरावांचा टेम्पो कसा चालतो? म्हशीला माझ्याकडून एक खोड घाला, आता त्याची किंमत कळली आहे. मयुरीचं पुढे लिहितो.

टोपी मिळाली. ती नाकापर्यंत येते. पण मी बदलून मागणार नाही. उन्हाळ्यात फार बरी पडते, आणि पुष्पाबाई बोलायला लागल्या की खाली ओढून घेता येते. वेशीवरचा फ्लेक्सही उतरला, गटाच्या बायका त्यावर खोड वाळवतात.

मंडळाकडून पत्र आलं. केंद्र चोपड्याला 'तत्त्वतः मंजूर' झालं. तत्त्वतः म्हणजे काय, असं दिपमाला मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "साखरपुडा झाला समजा आबा. तारीख अजून निघायची आहे." पुष्पाबाई म्हणतात, साखरपुडा मोडणाऱ्यांना आम्ही पाहून घेऊ. गटाच्या बायकांनी चोपड्याच्या गाडीचं वेळापत्रक आताच ओट्यावर चिकटवून ठेवलं आहे, तुमच्या अक्षरातलं.

मयुरीला हल्ली आंबट खावंसं वाटतं, असं पुष्पाबाईंच्या कानावर आलं आहे. तुमच्याकडून अजून कुणी काही बोललं नाही, म्हणून मीही विचारत नाही. तेही सध्या तत्त्वतःच धरतो. पण पक्कं झालं तर रीत सुटेल, आणि पुढच्या संक्रांतीला मी तुमच्या ओसरीवर बसेन आणि मोराच्या कपात दोन वेळा चहा मागेन. त्या दिवशी लीलाधरभाऊंना बोलावू नका.

चोपड्याच्या त्या टपरीवर शेवटचं भजं तुमच्या-माझ्यामध्ये किती वेळ पडून राहिलं, आठवतं ना? 'तुम्ही घ्या', 'नाही, तुम्ही घ्या' करता करता माशा बसल्या. आपण काही सुधारलेलो नाही. आणि मंडळाचा पुढचा विषय शीतगृहाचा आहे, तेही दोन जिल्ह्यांत एकच. म्हणून सराव मोडू देऊ नका. पत्र लवकर लिहा, आणि त्यात माझ्याबद्दल दोन-तीन झणझणीत टोमणे घाला. कंसात माफी मागू नका.

आपला,
चुडामण